चौसष्ट घरांचा हिशेब आणि अल्बेरुनी

वाचकहो, घरात बुद्धिबळाचा पट असेल तर तो समोर घ्या. नसेल तर मुलाच्या वहीतील एखाद्या पाठकोऱ्या पानावर आठ आडव्या आणि आठ उभ्या घरांचा चौकोन आखा. आता पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा ठेवा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ. पुढल्या प्रत्येक घरात मागच्या घराच्या दुप्पट. पहिली ओळ संपली की शेवटच्या घरात १२८ दाणे होतात आणि सगळे मिळून २५५. मूठसुद्धा भरत नाही. दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या घरात ३२,७६८ दाणे, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास गहू. येथपर्यंत घरातला डबा पुरेल. तिसऱ्या ओळीच्या अखेरीस एकाच घरात तीन क्विंटलांहून जास्त गहू लागतो आणि चौथीच्या अखेरीस ऐंशीहून जास्त टन. अद्याप निम्माच पट झाला आहे.

ही कथा तुम्ही ऐकली असेल. हिंदुस्थानातील सिस्सा नावाच्या एका शहाण्याने शतरंजचा खेळ राजाला दाखविला. राजा खूष झाला आणि काय हवे ते माग म्हणाला. सिस्साने वर सांगितल्याप्रमाणे दाणे मागितले. राजाला मागणी फारच क्षुल्लक वाटली, पण कोठारावरच्या हिशेबनिसांनी आकडेमोड केली तेव्हा राज्यातील सारे धान्य पुरे पडणार नाही असे कळले. कथा कितपत खरी, हा प्रश्न बाजूस ठेवू. सगळ्या चौसष्ट घरांतील दाणे नेमके किती, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याचे उत्तर एकच आहे. त्यात एका दाण्याचीही सूट नाही. आजपासून सुमारे हजार वर्षांपूर्वी हे उत्तर ज्या पद्धतीने काढून दाखविले गेले, ती पद्धत तुमच्या आठवी-नववीतल्या मुलाला किंवा मुलीला अर्ध्या तासात समजेल. ते लिहून ठेवणारे गृहस्थ म्हणजे अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल्बेरुनी.

अल्बेरुनींचा जन्म हि. स. ३६२ मध्ये, म्हणजे इसवी सन ९७३ च्या सप्टेंबरात, ख्वारिझम प्रांतातील काथ ह्या शहराच्या परिसरात झाला. हा प्रदेश आज उझबेकिस्तानात येतो, आणि त्या गावाला आता त्यांचेच नाव आहे. फारसीत बेरून म्हणजे बाहेरचा. शहराच्या कोटाबाहेरील वस्तीत जन्म झाल्यामुळे हे नाव पडले, असे मानले जाते. त्यांच्या घराण्याबद्दल इतिहासाने जवळजवळ काहीच राखून ठेवलेले नाही. मोठे घराणे पाठीशी नसताना त्यांना एक गोष्ट मात्र लाभली, ती म्हणजे चांगला उस्ताद. ख्वारिझमच्या राजघराण्यातील अबू नस्र मन्सूर हे स्वतः नामांकित गणिती होते. त्यांनी ह्या मुलाला जवळ केले आणि भूमिती व खगोल शिकविले. पुढे उस्तादांनी आपले कित्येक ग्रंथ ह्या शिष्याच्या नावे लिहिले. आपल्याकडे शिष्याने उस्तादांच्या नावे लिहिण्याची रीत आहे. हे उलट उदाहरण शिक्षकबंधूंनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

वयाच्या सतराव्या वर्षी अल्बेरुनींनी माध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजून काथचे अक्षांश काढले. हे वय आपल्याकडे बारावीच्या परीक्षेचे असते.

पण चैन नशिबी नव्हती. सन ९९५ मध्ये ख्वारिझममध्ये यादवी माजली, उस्तादांच्या घराण्याची सत्ता गेली आणि बाविशीतल्या ह्या तरुणाला गाव सोडून पळावे लागले. आजच्या तेहरानजवळच्या रय शहरात त्यांनी काही काळ अत्यंत गरिबीत काढला. तेथला एक ज्योतिषी गणिताच्या चर्चेत त्यांना तुच्छ लेखीत असे, कारण अंगावरचे कपडे आणि खिसा दोन्ही फाटके. पुढे दिवस पालटले तेव्हा तोच माणूस दोस्तीने वागू लागला. ही आठवण अल्बेरुनींनी स्वतःच लिहून ठेवली आहे. त्यांना तिचा सल होता की गंमत वाटत होती, ते वाचून सांगता येत नाही. मला वाटते, दोन्हीही असावे.

सन ९९७ च्या २४ मे रोजी ते पुन्हा काथला होते. त्या रात्री चंद्रग्रहण होते. त्यांनी बगदादचे थोर गणिती अबुल वफा यांच्याशी आधीच ठरवून ठेवले होते की दोघांनी आपापल्या गावी ग्रहणाची वेळ टिपावयाची. ग्रहण सर्वांना एकाच क्षणी दिसते, पण गावोगावची वेळ वेगळी असते. त्या फरकावरून दोन शहरांच्या रेखांशांतील अंतर निघाले. तार नाही, टेलिफोन नाही, आणि शेकडो कोसांवरचे दोन गणिती आकाशातल्या एका सावलीवर घड्याळे जुळवीत आहेत, असे हे दृश्य आहे.

त्यानंतर कास्पियन समुद्राजवळील गुर्गानचा अमीर काबूस ह्याच्या दरबारी त्यांना आसरा मिळाला. तेथे सन १००० च्या सुमारास, वयाच्या सत्ताविशीत, त्यांनी आपला पहिला मोठा ग्रंथ पुरा केला. त्याचे नाव अल्-आसार अल्-बाकिया. निरनिराळ्या कौमांच्या कालगणना, सण आणि पंचांगे ह्यांचा तो ग्रंथ आहे. इराणी, यहुदी, ख्रिस्ती, अरब, ख्वारिझमी, सर्वांचे हिशेब त्यात शेजारी शेजारी मांडलेले आहेत. ह्याच ग्रंथात, मूळ विषयातून किंचित बाजूला वळून, त्यांनी शतरंजच्या दाण्यांचा हिशेब दिला आहे.

आता जरा बैठक मारून बसा आणि मुलाच्या हाती पेन्सिल द्या.

सरळ मार्गाने जावयाचे तर त्रेसष्ट वेळा दुप्पट करावी लागेल, आणि मग चौसष्ट आकड्यांची बेरीज. एवढ्या लांबच्या वाटेवर कोठेतरी हातचा चुकणारच. अल्बेरुनींनी पटाकडे पाहून दोन गोष्टी हेरल्या.

पहिली गोष्ट अशी. कोणत्याही घरातील संख्येचा वर्ग केला की पुढच्या एका घरातील संख्या तयार मिळते. कोणत्या घरातील? जितकी घरे आपण पहिल्या घरापासून पुढे आलो, तितकीच आणखी पुढे मोजा. पाचव्या घरात १६ आहेत. पाचवे घर पहिल्यापासून चार घरे पुढे आहे. सोळाचा वर्ग २५६, आणि तो पाचव्यापासून चार घरे पुढे, नवव्या घरात बसतो. मोजून पाहा. पुन्हा २५६ चा वर्ग करा: ६५,५३६. नववे घर पहिल्यापासून आठ पुढे, म्हणून हा आकडा सतराव्या घराचा. त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६. हे तेहेतिसावे घर. आणखी एकदा वर्ग केला की आपण पासष्टाव्या घरात पोहोचतो.

पण पटावर पासष्टावे घर नाही! येथे दुसरी गोष्ट कामास येते. कोणत्याही घरातील संख्येतून एक वजा केला की त्याच्या आधीच्या सर्व घरांची बेरीज मिळते. सहाव्या घरात ३२, आधीची पाच घरे १, २, ४, ८, १६, बेरीज ३१. म्हणून पटाबाहेरील त्या न दिसणाऱ्या पासष्टाव्या घरातून एक वजा केला की सगळ्या चौसष्ट घरांची बेरीज हाती येते. त्रेसष्ट दुपटी आणि एक लांबलचक बेरीज ह्यांच्या जागी सोळापासून चार वेळा वर्ग आणि एक वजाबाकी. उत्तर असे:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५.

वीस अंकांची ही संख्या. अल्बेरुनींनी ती हिंदी अंकांत दिली, आणि साठ-साठच्या गटांच्या पद्धतीनेही दिली. खगोलशास्त्रज्ञ ही साठची पद्धत वापरीत. आपले तास, मिनिटे आणि सेकंद तिच्यातूनच आलेले आहेत. त्या पद्धतीत ही संख्या अकरा स्थानांची होते, आरंभी ३० आणि शेवटी १५. दोन पद्धतींनी लिहिल्याचा फायदा उघड आहे. हाताने नकला करण्याच्या त्या काळात एका ठिकाणी चूक झाली तर दुसरे ठिकाण ती पकडून देते. आपल्या स्मरणिकेच्या छपाईबद्दल शंका असेल, तर तुम्हीही एक पडताळा करू शकता: वर दिलेल्या वीस अंकांची बेरीज ८७ आली पाहिजे.

आकडा लिहून झाला तरी मनात मावत नाही, हे अल्बेरुनी जाणून होते. म्हणून त्यांनी वाचकासाठी एक चित्र उभे केले. ह्या संख्येइतके दिरहम आहेत असे समजा. दहा-दहा हजारांच्या थैल्या करा. एका जनावरावर आठ थैल्या लादा. अशा दहा हजार खेचरांचा एक तांडा. असे हजार तांडे एका ओढ्याकाठी चरावयास सोडा. एका डोंगरातून असे दहा हजार ओढे निघतात असे धरा. तर मग डोंगर किती लागतील? २,३०५, आणि वर थोडे उरेल. एवढे काही पृथ्वीच्या पाठीवर मावणारे नाही, हे त्यांनी स्वतःच सांगून टाकले आहे. भागाकार करून पाहा, बरोबर येतो. आजच्या भाषेत सांगावयाचे, तर हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅमच्या आसपास धरल्यास हा गहू ७३,००० कोटी टनांहून जास्त भरतो. साऱ्या जगात अलीकडे वर्षाला ऐंशी कोटी टनांच्या आसपास गहू पिकतो. म्हणजे नऊशेहून अधिक वर्षांचे सगळ्या जगाचे पीक! सिस्साचे देणे अजून फिटले नसते.

तेराव्या शतकात दमास्कसला काझी झालेले प्रसिद्ध चरित्रकार इब्न खल्लिकान यांनाही ही गोष्ट प्रथम खरी वाटली नव्हती. मग अलेक्झांड्रियाच्या एका हिशेबनिसाने कागदावर सोळाव्या घरापर्यंतचा आकडा काढला, तितके दाणे एका मापाएवढे भरतात असे सांगितले आणि तेथून पुढे मापांची दुप्पट करीत नेली, तेव्हा त्यांची खात्री पटली. काझीसाहेबांनी आपला गैरसमज लपविला नाही, तो ग्रंथात नमूद केला. मोठ्या माणसाने हिशेबापुढे मान तुकविण्यात कमीपणा नसतो.

ह्या संख्येचे आणखी एक अंग सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. शाळेत शिकलेले सूत्र आठवा: एखाद्या संख्येच्या वर्गातून एक वजा केला, तर उरलेल्याचे दोन अवयव पडतात. एक म्हणजे त्या संख्येहून एकाने लहान, दुसरा एकाने मोठा. अल्बेरुनींच्या पायऱ्या वर्गांच्याच आहेत, त्यामुळे हे सूत्र वरपासून खालपर्यंत लागू पडते. त्यांच्या प्रत्येक पायरीत एक मिळवा: १६ चे १७, २५६ चे २५७, ६५,५३६ चे ६५,५३७, आणि चौथ्या पायरीचे ४,२९,४९,६७,२९७. ह्या चारही संख्यांनी आपल्या राक्षसी संख्येला पूर्ण भाग जातो, आणि उरतात केवळ १५, म्हणजे ३ गुणिले ५. सतराव्या शतकात फर्मा नावाच्या फ्रेंच गणितीने ३, ५, १७, २५७, ६५,५३७ ह्याच माळेचा विचार केला. ह्या पाचही मूळ संख्या आहेत हे पाहून पुढची ४,२९,४९,६७,२९७ हीदेखील मूळ असावी, आणि त्यापुढच्याही साऱ्या, असे त्यांना वाटले. सन १७३२ मध्ये ऑयलर यांनी दाखविले की तिला ६४१ ने भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो. फर्मांसारखा माणूसही चुकला. अशा रीतीने शतरंजची संख्या म्हणजे ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७ ह्या सात मूळ संख्यांचा गुणाकार. त्यांतील एकही दोनदा येत नाही. शिवाय दोनच अंक वापरणाऱ्या संगणकाच्या भाषेत ही संख्या ओळीने चौसष्ट एक लिहून होते, आणि चौसष्ट जागांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ती हीच.

हे सारे अल्बेरुनींना ठाऊक होते, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणण्याची आपल्याकडे हौस फार. प्रत्येक शोध आपल्याच पूर्वजांनी आधी लावला होता असे सभेत सांगितले की टाळ्या पडतात आणि मुले घरी जाऊन पुस्तक मिटून ठेवतात. अल्बेरुनींनी जे केले ते त्यांच्या नावावर राहू द्या, ते थोडे नाही. आणि ते कशातून केले तेही पाहा. खेळ हिंदुस्थानचा, अंक हिंदुस्थानचे, साठची पद्धत प्राचीन बाबिलोनची, ग्रंथ अरबी भाषेत, आसरा एका इराणी अमिराचा, आणि डोके ख्वारिझमच्या एका निर्वासित मुलाचे.

पुढे सन १००४ च्या सुमारास ते ख्वारिझमला परतले आणि गुरगंजच्या दरबारात मानाने राहिले. तेही टिकले नाही. सन १०१७ मध्ये गझनीच्या सुलतान महमूदने ख्वारिझम जिंकले आणि तेथील विद्वानांना आपल्याबरोबर गझनीला नेले. अल्बेरुनी त्यांत होते, त्यांचे वृद्ध उस्ताद अबू नस्रही होते. ते पाहुणे होते की कैदी, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. एवढे खरे, की पुढच्याच वर्षी ते काबूलजवळच्या एका खेड्यात होते, मन खिन्न होते आणि जवळ एकही यंत्र नव्हते. तेव्हा त्यांनी हिशेबाच्या पाटीच्या पाठीवर वर्तुळाचा चौथा भाग आखला, त्यावर अंशांच्या खुणा केल्या आणि सूर्याची उंची मोजली. मुलाला प्रयोगशाळा नाही म्हणून शास्त्राला घालत नाही, असे म्हणणाऱ्या पालकांनी ही पाटी आठवावी.

गझनीच्या राज्याबरोबर हिंदुस्थानची वाट उघडली. सुलतान तेथे कशासाठी गेला हे जगाला माहीत आहे. त्या स्वाऱ्यांनी देश उद्ध्वस्त झाला, लोक देशोधडीला लागले आणि तेथील विद्या दूर काश्मीर व बनारसकडे निघून गेली, हे अल्बेरुनींनी आपल्या ग्रंथात स्पष्ट लिहिले आहे. त्यांनी मात्र पंडितांचे शिष्यत्व पत्करले. पन्नाशीच्या आगेमागे संस्कृतसारखी अवघड भाषा ते शिकू लागले. सन १०३० च्या सुमारास पुरा झालेला किताबुल हिंद हे त्या परिश्रमाचे फळ. त्यात वेद, पुराणे, तत्त्वज्ञान, ज्योतिष, मापे, रूढी, सर्व काही आहे. चौघांनी मिळून फासे टाकून खेळावयाच्या शतरंजचेही वर्णन आहे. आणि प्रवासाच्या मार्गांत आपला महाराष्ट्रही आहे! धारहून दक्षिणेस निघाल्यावर लागणारा मऱ्हाठा देश, आणि त्यापुढे समुद्रकाठचे ठाणे हे कोकणचे मुख्य शहर, अशी नोंद त्यांनी फरसखांच्या आकड्यांसह केली आहे. स्वतः ते इकडे आले नाहीत. त्यांचा फेरा मुख्यतः पंजाबातच झाला.

अरबांनी घेतलेले अंक हिंदी अंकांच्या उत्तमोत्तम आकारांवरून बनले आहेत, हे त्यांनी मोकळेपणे मान्य केले. एकं, दहं, शतं पासून परार्धापर्यंतच्या अठरा स्थानांची संस्कृत नावेही त्यांनी क्रमाने दिली. आता आपली संख्या त्या माळेत बसवून पाहा. अठरा नावे संपतात आणि संख्या अजून दोन अंकांनी उरते. ती होते १८४ परार्ध आणि वर आणखी काही.

ह्याच काळात पंजाबातील नंदना किल्ल्याजवळ त्यांनी पृथ्वीचे माप घेतले. त्यापूर्वी खलीफा मामूनच्या आज्ञेने गणिती मंडळी वाळवंटात दोऱ्या घेऊन मैलोगणती चालली होती. अल्बेरुनी एका डोंगरावर चढले. डोंगराची उंची आधी काढली होती: ६५२ हातांहून किंचित जास्त. माथ्यावरून क्षितिज समपातळीच्या किती खाली दिसते, तो कोन मोजला: ३४ कला, म्हणजे एका अंशाच्या निम्म्याहून थोडा अधिक. ह्या दोन मापांवरून पृथ्वीची त्रिज्या काढली: १,२८,०३,३३७ हात. थोड्या मोजणीतून मोठा आकडा काढण्याची ही रीत शतरंजच्या हिशेबाचीच सख्खी बहीण आहे. मात्र एक फरक ध्यानात ठेवा. तेच दोन आकडे आजच्या कॅल्क्युलेटरवर टाकले तर उत्तर १ कोटी ३३ लाख हातांच्या जवळ येते, कारण कोष्टकातल्या अगदी सूक्ष्म अपूर्णांकाचा फरक येथे लाखो हातांचा होऊन बसतो. शिवाय त्यांचा हात आपल्या मापाने नेमका किती लांब, यावरही मतभेद आहेत. मोजमापाच्या गणितात असे होते. दाण्यांच्या गणितात तसे होत नाही. त्या वीस अंकांतला शेवटचा ५ हजार वर्षांपूर्वी होता, आज आहे, आणि कोणत्याही देशात कोणीही हिशेब केला तरी ५ च येतो.

गणिताची ही आवड त्यांनी दरबारापुरती ठेवली नाही. सन १०२९ मध्ये त्यांनी भूमिती, अंकगणित, खगोल आणि फलज्योतिष ह्यांची ओळख करून देणारा किताबुत् तफहीम हा ग्रंथ लिहिला. तो कोणासाठी लिहिला? अल्-हसन यांची कन्या रैहाना हिच्यासाठी, तिनेच विनंती केल्यावरून. सगळा ग्रंथ सवाल-जबाबांच्या रूपात आहे, बिंदू म्हणजे काय आणि रेषा म्हणजे काय येथपासून. आपल्या मुलीला गणित कशाला, असे विचारणारे वडील आजही भेटतात. हजार वर्षांपूर्वीच्या ह्या मुस्लिम मुलीने गणित मागितले, आणि त्या काळच्या सर्वांत मोठ्या गणितीने तिच्यासाठी लेखणी उचलली.

दुसऱ्या एका बाजूचा विरोधही त्यांना भेटला. नमाजाच्या वेळा दाखविणारे एक यंत्र एका मुअज्जिनने नाकारले, कारण त्यावर रूमी लोकांचे महिने कोरलेले होते. अल्बेरुनींनी त्याला विचारले की रूमी लोक जेवतात आणि बाजारातही हिंडतात, मग तू ह्या दोन गोष्टीही सोडणार काय. त्यांच्या एका ग्रंथाचा रोखच असा होता की अक्षांश-रेखांश नीट कळल्याशिवाय गझनीहून किब्ल्याची दिशा अचूक सांगता येत नाही. दीन आणि हिशेब ह्यांत त्यांना भांडण दिसत नव्हते.

महमूदच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा मसूद गादीवर आला. त्याच्या काळात अल्बेरुनींना स्वास्थ्य मिळाले आणि त्यांनी खगोलशास्त्राचा आपला सर्वांत मोठा ग्रंथ, अल्-कानून अल्-मसऊदी, सुलतानाला अर्पण केला. सुलतानाने हत्तीवर लादून चांदीची नाणी बक्षीस पाठविली आणि अल्बेरुनींनी आपल्याला गरज नाही म्हणून ती परत केली, अशी गोष्ट सांगतात. रयच्या त्या फाटक्या दिवसांनंतर हे घडले असेल, तर त्या नकाराचे मोल वाढते. एक हत्ती म्हणजे त्यांच्या २,३०५ डोंगरांपुढे काहीच नव्हे, असे मनात आले असेल काय?

हि. स. ४४० च्या सुमारास, म्हणजे इसवी सन १०४८ च्या अखेरीस, ते गझनीत मृत्युशय्येवर होते. वय पंचाहत्तरीचे. त्यांचा एक परिचित फकीह भेटीस आला. श्वास लागलेला, छातीत घरघर. तशात अल्बेरुनींनी त्याला वारसाहक्काच्या हिशेबातील एक गोष्ट विचारली. आईकडच्या आज्यांच्या वाट्याबद्दल तू मला एकदा सांगितले होतेस, तो हिशेब पुन्हा सांग म्हणाले. फकीहला भडभडून आले. अशा वेळी कशाला, म्हणाला. अल्बेरुनींनी उत्तर दिले की ही गोष्ट न समजता दुनिया सोडण्यापेक्षा समजून घेऊन सोडणे बरे नव्हे काय. मग फकीहने ती सर्व मांडून सांगितली. अल्बेरुनींनी ती त्याच्यासमोर म्हणून दाखविली आणि आपण पूर्वी कबूल केलेले काही त्याला शिकविलेही. फकीह निरोप घेऊन बाहेर पडला. तो रस्त्यातच होता तोच मागे घरातून रडण्याचा आवाज आला.